घोडीवरचा दोरा

आमच्या घरचा तंबोरा मिरजेहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं जळगावपर्यंत आला आणि तिथून तापी लाइनच्या गाडीनं नंदुरबारला. जळगावच्या फलाटावर एका हमालानं गवसणीकडे बघत विचारलं, "गिटार शे का भाऊ? एवढी मोठी?" रात्रभराच्या प्रवासानं डोळे चुरचुरत होते, मी नुसतीच मान डोलावली. खोटंच बोललो म्हणायचं. पण त्याचा प्रश्न काही वेडा नव्हता. लाकडाची लांब मान, टोकाला खुंट्या, त्यांवरून खाली आलेल्या तारा, आणि तारा उचलून धरणारी एक चिमुकली घोडी. इथवर दोन्ही वाद्यं एकच गोष्ट सांगतात. वेगळं जे आहे ते त्या घोडीवर आहे, आणि तंबोऱ्याची घोडी जेमतेम तीन-चार बोटं लांब असते.

कवितेचं रसग्रहण करताना आपण एखाद्या शब्दापाशी अडतो, तसा मी गेली काही वर्षं या घोडीपाशी अडलो आहे. पण तिथवर पोचायला सुरुवात भोपळ्यापासून करायला हवी.

वाळलेला भोपळा आम्हा नंदुरबारकरांना नवा नाही. अक्कलकुवा तालुक्यात काठीच्या राजवाडी होळीला मोरपिसांचे टोप घातलेले नाचणारे कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरं बांधून रात्र जागवतात. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवातली पावरीही भोपळ्यातूनच बोलते. वाजवणाऱ्याचा श्वास आधी भोपळ्यात साठतो, मग नळ्यांत उतरतो. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा या दोघांचा थोरला भाऊ. तो मिरजेत पिकत नाही. सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या नदीकाठच्या रानांतून येतो. कडू आणि जाड सालीचा, भाजीला निरुपयोगी. तो पुरता वाळू द्यावा लागतो, आणि वाळवण्यातली सबुरी मिरचीच्या पथारीवर वाढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

या भोपळ्याची गंमत अशी की दोन भोपळे सारखे मिळत नाहीत. एकाची कंबर रुंद, दुसऱ्याचा तळ कललेला. म्हणून मिरजेच्या कारखान्यात (कारखाना म्हणजे बहुतेकदा घराचीच पुढची खोली) मापं भोपळा ठरवतो. त्याच्या तोंडाच्या घेराला धरून गळा कोरायचा, तबलीचा फुगवटा ठरवायचा, दांडी जोडायची. लाकूड तुणीचं, वजनाला हलकं. विजेची गिटार हातानं बनवणाऱ्याच्या खोलीत भिंतीवर साचे टांगलेले असतात, त्यांच्या कडेनं यंत्र फिरवलं की हवा तो आकार पुन्हा पुन्हा मिळतो. तंबोऱ्याला असा साचा करायचा तर आधी भोपळ्याच्या वेलाला पढवावं लागेल.

नक्षीबद्दल मी थोडक्यात आटोपतो. दांडीवरच्या वेली, गळ्यावरची पानं, काठाच्या पांढऱ्या पट्ट्या. पूर्वी तिथं हस्तिदंत असायचं, आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिक असतं. काम नाजूक असतं यात शंका नाही, पण मला ते लग्नपत्रिकेवरच्या सोनेरी छपाईसारखं वाटतं. दुकानात गिऱ्हाईक त्याकडेच बघतं आणि भाव त्यावरून करतं. मीही तेच केलं होतं.

आता घोडी. हाडाचा किंवा शिंगाचा एक चपटा तुकडा, लाकडाच्या छोट्या बैठकीवर बसवलेला. लांबून बघितलं तर वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो. बोट फिरवलं तरी सपाटच लागतो. पण नख आडवं धरून हलकेच ओढलं की कळतं, हा उतार आहे. मागं किंचित उंच, पुढं अगदी सावकाश खाली गेलेला. गिटारच्या घोडीवर तार एका टोकदार जागी टेकते आणि तिथून सुटते ती सुटतेच. तंबोऱ्याची तार या उतारावरून हळूहळू दूर होते. ती थरथरते तेव्हा उताराला कधी इथं शिवते, कधी जरा पुढं. तिची वाजती लांबी क्षणोक्षणी केसाएवढी बदलत राहते. त्या निसटत्या स्पर्शातून वरचे वरचे स्वरांश जागे होतात आणि झंकार उठतो. यालाच जवारी म्हणतात.

गिटारवाल्याच्या टेबलावर तारेची अशी चिरचिर आली तर तो दोष धरतात, आणि गिऱ्हाईक वाद्य परत आणून देतं. मिरजेत तीच चिरचिर पैसे मोजून काढून घ्यायची असते. मात्र ती चिरचिर राहता कामा नये, तिचा गोडवा व्हायला हवा. एवढ्यासाठी कारागीर कानस, पाती आणि कान घेऊन तासन् तास बसतो. घासायचं, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. चार तारांखालच्या चार जागा, प्रत्येकीचा उतार निराळा. गाणाऱ्याची पट्टी काळी एक आहे की काळी चार, हे तो आधी विचारून घेतो. जवारी खुली हवी की गोल, हेही विचारतो, आणि नवख्याला त्याचं उत्तर देता येत नाही.

इथं मला या कारागिरांचा इतिहास आठवतो. मिरजेतल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या लढाया संपल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि फरीदसाहेब नावाच्या शिकलगारानं तंतुवाद्यांत हात घातला. पटवर्धनांच्या मिरजेत गाणारे-वाजवणारे येत-जात होतेच. धंदा बदलला असं आपण सहज म्हणून जातो, पण घोडीकडे बघितलं की वाटतं, हाताची चाल तीच राहिली. पोलाद घासून धार काढणारा हात आता हाड घासतो, फक्त आता त्यावर कुठंही धार राहू द्यायची नसते.

पुढं किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. 1937 साली ते गेले. मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथं दरवर्षी संगीत सभा भरते. खाँसाहेबांना स्वतःला वाद्यदुरुस्ती येत होती. तंबोरा सुरेल लागल्याशिवाय ज्यांचं गाणं सुरूच व्हायचं नाही, असे गवई हाकेच्या अंतरावर असले की कारागिराला चुकवेगिरी करता येत नाही. मिरजेची ख्याती लाकडाइतकीच या शेजारावर उभी आहे, असं माझं मत.

तंबोरा छेडायचा क्रम ठरलेला. पंचम, मग जोडीचे दोन षड्ज, शेवटी खर्ज. खर्जाची तार पितळेची, जाड, जोडीपेक्षा एक सप्तक खाली. बँडमध्ये बेस गिटार जे काम करते तेच इथं ती करते; तिच्यावाचून बाकीच्या तारा अधांतरी वाटतात. चारही तारा जुळल्या आणि जवारी नीट असली की थोड्या वेळानं एक पाचवा आवाज येऊ लागतो. तो गंधार असतो. कुठलीच तार गंधारात लावलेली नसते. खर्जाचा पाचवा स्वरांश जवारीमुळे इतका ठळक होतो की तो वेगळा ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आनंदवर्धनानं कवितेतल्या न बोललेल्या अर्थाला 'ध्वनी' म्हटलं आणि घंटेच्या मागं रेंगाळणाऱ्या अनुरणनाचा दाखला त्याच्या शास्त्रात आला. हा गंधार ऐकताना तो दाखला मला पहिल्यांदा कानानं कळला, नाहीतर परीक्षेपुरता पाठ होता.

सी. व्ही. रामन यांनाही या घोडीनं चकवलं होतं. 1921 मध्ये वीणा आणि तंबोऱ्यावर लिहिताना त्यांनी दाखवलं की जिथं छेडल्यावर अमुक स्वरांश उमटूच नये असं युरोपातलं शास्त्र सांगतं, तिथं छेडलं तरी तो उमटतो. कारण ही वक्र घोडी.

लेस पॉल या अमेरिकी वादकानं 1940 च्या सुमारास तंबोऱ्याच्या नेमकी उलट वाट धरली. चार इंच जाडीचा पाइनचा भरीव ओंडका घेतला, त्यावर तारा आणि चुंबकाचे पिकअप बसवले. पोकळी नको, लाकडाचा गुंजारव नको. तार हलली की चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांनी ती टिपावी, बस्स. लोकांना ओंडका वाजवणारा माणूस बघवेना, म्हणून त्यानं जुन्या गिटारचे दोन पंख बाजूंना जोडले. मग लोक खूश. 1951 मध्ये लिओ फेंडरनं पडद्यांची बेस गिटार आणली आणि तिचं नावच 'प्रिसिजन' ठेवलं, कारण पडद्यांमुळे बोट नेमक्या स्वरावर पडायचं. मला हे वाद्यही मनापासून आवडतं. पण त्याचा कारागीर नेमकेपणाच्या मागं असतो, आणि मिरजेचा कारागीर तारेला किती रेंगाळू द्यायचं याच्या.

आणि तरीही जवारी पुरी होत नाही. घोडी आणि तार यांच्यामध्ये साधा सुती दोरा सरकवावा लागतो. प्रत्येक तारेखाली एक. तो केसभर पुढं-मागं करत गेलं की एका जागी आवाज अचानक फुलतो. ती जागा आजची उद्या राहत नाही. हवा बदलली, तार ताणली की पुन्हा शोधायची. कारागीर ती कुठंच कोरून ठेवत नाही. एवढं सगळं हातानं घडवून शेवटचं काम त्यानं गाणाऱ्यावर सोडलेलं आहे. मला या वाद्यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते, आणि तिची किंमत दोऱ्याच्या एका वेढ्याएवढी आहे. विजेच्या पेटीतल्या किंवा मोबाइलमधल्या तंबोऱ्यात जवारीचा आवाज ऐकू येतो, पण दोरा सरकवायला तिथं जागा नाही. सरावाला तो चालतो, मीही लावतो.

आमच्या तंबोऱ्याचं पुढं काय झालं तेही सांगतो. घोडीवर तारांनी खाचा पाडल्या, आवाज फाटला. इतक्या लांब कोण नेणार म्हणून मी तो इथंच एका ओळखीच्या माणसाकडे दिला. त्यानं प्रेमानं घोडी पॉलिश पेपरनं घासून आरशासारखी केली. दिसायला देखणी झाली, वाजायला मुकी. चूक त्याची नव्हती; न सांगता हातात दिली ती मी. अखेर गवसणीतला तंबोरा पुन्हा रेल्वेनं मिरजेला गेला. तिथल्या कारागिरानं घोडीवर एकदा नख फिरवलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता कानस काढली.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं, कुठल्याही वाद्यावर मिरजेचं नाव चिकटवून विकणाऱ्यांना त्यानं आळा बसेल. कानसेच्या आवाजातून जवारी ओळखणारं शिकाऊ पोर मात्र अजूनही त्याच पुढच्या खोलीत, वडिलांच्या किंवा काकांच्या शेजारी बसूनच तयार होतं, आणि त्याला वर्षं लागतात.

तुमच्याकडे तंबोरा असेल तर घोडीला पॉलिश लावू नका. खाचा दिसू लागल्या तर तो मिरजेलाच पाठवा, किंवा ज्याला जवारी येते अशाकडेच द्या. दोरा हरवला तर शिवणाच्या डब्यातला पांढरा सुती दोरा चालतो.