प्रतिविद्यार्थी खर्च : सरासरीचा हिशेब आणि पुरेशा शिक्षणाचे मोल
(विशेष संदर्भ : रनाळे व नंदुरबार जिल्हा)

प्रास्ताविक

शासकीय शाळेत एका मुलाच्या शिक्षणावर किती खर्च होतो, याचे उत्तर जमाखर्चातून मिळते. ते शिक्षण पुरेसे ठरण्यासाठी किती खर्च व्हावयास हवा, हा प्रश्न वेगळा आहे. धोरणविषयक चर्चेत पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याचे म्हणून स्वीकारले जाते. प्रस्तुत लेखात या गल्लतीची चिकित्सा केली आहे. नंदुरबार तालुक्यातील रनाळे हे सपाटीवरचे गाव आणि त्याच जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यातले सातपुड्याच्या कुशीतील पाडे यांना एकच सरासरी लागू पडते काय, ही या चिकित्सेची कसोटी होय.

सरासरीची घडण

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १२(२) नुसार खाजगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्के प्रवेशांपोटी मिळणारी प्रतिपूर्ती शासनाच्या प्रतिबालक खर्चाच्या मर्यादेत असते. महाराष्ट्रात १७,६७० रुपये हा आकडा त्यातूनच परिचित झाला. एकूण आवर्ती खर्चाला पटसंख्येने भागून येणारी ही संख्या झालेला खर्च सांगते. त्या खर्चात मूल शिकले काय, हे ती सांगत नाही.

या भागाकाराची मर्यादा एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. साठ मुले व दोन शिक्षक असलेल्या शाळेत शिक्षकांचे एकत्रित वार्षिक वेतन १२ लाख रुपये धरल्यास प्रतिविद्यार्थी वेतनखर्च २०,००० रुपये येतो. त्याच जागी दोन शिक्षणसेवक नेमल्यास, २०२३ पासूनच्या दरमहा १६,००० रुपये मानधनानुसार, तो ६,४०० रुपयांवर उतरतो. २००० साली ही योजना सुरू झाली तेव्हाच्या ३,००० रुपये मानधनाने तो अवघा १,२०० रुपये भरला असता. मुले, वर्ग व अभ्यासक्रम तेच राहूनही शिक्षण ‘स्वस्त’ होते. अशा स्वस्ताईला कार्यक्षमता म्हणणे म्हणजे शिक्षकाच्या अल्प मानधनालाच शिक्षणाची किंमत मानणे होय.

निकषांपासून सुरुवात

याउलट मार्ग तपस मजुमदार समितीने १९९९ मध्ये अनुसरला. तीस मुलांमागे एक शिक्षक यांसारखे निकष आधी ठरवून प्राथमिक शिक्षणाच्या सार्वत्रिकीकरणासाठी दहा वर्षांत सुमारे १.३७ लाख कोटी रुपये अतिरिक्त लागतील, असा अंदाज तिने दिला. पुढे शिक्षणहक्काच्या घटनादुरुस्ती विधेयकासोबतच्या वित्तीय निवेदनात ही रक्कम ९८,००० कोटींवर आली. सर्व शिक्षा अभियानाने चाळीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण धरले. १२० मुलांच्या शाळेत पहिल्या निकषाने चार शिक्षक लागतात, दुसऱ्याने तीन. निकष सैल केला की गरज आपोआप आटते. तथापि मजुमदार समितीच्या अंदाजालाही मर्यादा आहे. देशव्यापी बेरजेत डोंगर आणि सपाटी यांतील अंतर दिसत नाही.

सपाटी आणि डोंगर

हे अंतर नंदुरबारमध्ये ठळकपणे जाणवते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के, तर साक्षरता सुमारे ६४ टक्के होती. पाड्यावरचे मूल भिली वा पावरी बोलत शाळेत येते. पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. ऊसतोडीसाठी कुटुंब गुजरातेत गेले की मुलाचे शाळेतले वर्ष मध्येच तुटते. भाषेचा पूल बांधणारा शिक्षक, हंगामी वसतिगृह आणि विरळ वस्तीमुळे लहान राहणारा पट हे पुरेशा शिक्षणाचे अटळ घटक आहेत. सरासरीच्या हिशेबात मात्र ते उधळपट्टी ठरतात. वरील उदाहरणातील दोन शिक्षकांसमोर साठांऐवजी बारा मुले असतील तर प्रतिविद्यार्थी वेतनखर्च एक लाखावर जातो. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत एकत्रीकरण करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा याच जिल्ह्यातील तोरणमाळचे उदाहरण देण्यात आले. मोठ्या शाळेत सुविधा एकवटतात, हे खरे. परंतु प्रवास, निवास आणि लहान मुलाची घरापासूनची ताटातूट यांची किंमत हिशेबात धरली नाही, तर तो खर्च वाचत नाही. तो पालकांच्या माथी जातो.

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रोझ खटल्यात राज्याची शालेय व्यवस्था घटनाबाह्य ठरविली आणि शिक्षणातून विद्यार्थ्यास लाभावयाच्या सात क्षमता नमूद केल्या. आधी साध्य, मग खर्च, हा क्रम येथे महत्त्वाचा आहे.

समारोप

तिजोरी मर्यादित आहे, हा आक्षेप निराधार नाही. मात्र पुरेशा खर्चाचा अंदाज मांडूनच काय देता येत नाही हे प्रामाणिकपणे सांगता येते. सरासरीच्या आधाराने ती उणीव झाकली जाते. मांडलेल्या अंदाजाने ती उघड होते. म्हणून रनाळ्यासाठी एक आणि अक्राणीतील पाड्यासाठी दुसरा, असे दोन हिशेब शिक्षक, भाषा, प्रवास, निवास व इमारत या बाबींनुसार स्वतंत्रपणे मांडावे लागतील. त्या हिशेबांतून आजचा खर्च वजा केल्यावर जी रक्कम उरेल, तेच अनुच्छेद २१-क ने मान्य केलेल्या हक्काचे शासनाकडील देणे होय.