‘पिंगा’च्या पलीकडे

वाशीमला वाचनालयातून ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आणून वाचलेल्या आमच्या पिढीला संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) आपला वाटायला हवा होता. तो याच कादंबरीवर बेतलेला आहे. पण काशीबाई आणि मस्तानी ‘पिंगा’वर एकत्र नाचल्या आणि वाद पेटला. पेशव्यांच्या घरची स्त्री अशी नाचेल काय? नऊवारी अशी नेसेल काय? आक्षेप रास्तच होते. आणखी एक चूक आहे. बाजीरावांना १७२० मध्ये पेशवाई मिळाली, १७४० मध्ये रावेरखेडीला ते वारले. ही वीस वर्षे पडद्यावर कुणाच्याच चेहऱ्यावर दिसत नाहीत.

तरी खरा दोष वेगळा आहे. आपण लुगड्यावरून भांडलो. या संसाराचे पुढे काय झाले, हे विचारलेच नाही. चित्रपट दोघांच्या मृत्यूपाशी थांबतो, इतिहास थांबत नाही. मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर पेशव्यांच्या घराण्यातच वाढला. १७६१ मध्ये पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या लढाईतील जखमांनी गेला. त्याचा मुलगा अली बहादूर. बुंदेलखंडातील बांद्याचे नवाब याच वंशातले.

म्हणजे मराठी आणि मुसलमान असणे या घराने पिढ्यान्‌पिढ्या निभावले. पडद्यावर मात्र एक शोकांत प्रेमकथा तेवढी उरली. पाबळला मस्तानीच्या कबरीला कुणी समाधी म्हणतात, कुणी मजार. चुकांची यादी करणाऱ्यांनी तिथवर एकदा जाऊन यावे.