स्माइथ अहवालातून गळलेले रसायन

नागासाकीवर बॉम्ब पडल्यानंतर तीनच दिवसांनी, १२ ऑगस्ट १९४५ रोजी, अमेरिकेने प्रिन्स्टनचे भौतिकीविद हेन्री स्माइथ यांचा अहवाल प्रसिद्ध केला. अणुबॉम्बनिर्मितीची पहिली सविस्तर अधिकृत हकिगत ती हीच. भाषा सुबोध, मांडणी पायरीपायरीने. तरीही आमची त्याविषयी एक तक्रार आहे आणि तिचा संबंध आजच्या वर्गाशीही पोहोचतो.

गुप्ततेच्या नियमांमुळे स्माइथ यांना मोकळेपणाने सांगता आले ते मुख्यतः जगाला आधीच ठाऊक असलेले किंवा तर्काने काढता येण्याजोगे: वस्तुमान व ऊर्जेची समतुल्यता, विखंडन, शृंखला-अभिक्रिया. म्हणजे भौतिकीच. इंधनद्रव्यांना त्यांनी प्रकरणे दिली आहेत, हे मान्य. पण तेथेही तत्त्व येते आणि कृती गळते.

नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के. उरलेल्या युरेनियम-२३८ पासून ते वेगळे कसे करायचे? दोघांचे रासायनिक गुणधर्म जवळजवळ सारखेच. म्हणून युरेनियम हेक्साफ्लोराइडचा वायू अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून सोडायचा. रेणुभार ३४९ आणि ३५२. ग्रॅहमच्या नियमाने वेगांचे गुणोत्तर निघते १.००४३. (हे गणित अकरावीच्या मुलांकडून फळ्यावर जरूर करून घ्यावे.) एका टप्प्यात लाभ अर्ध्या टक्क्याहूनही कमी, म्हणून असे हजारो टप्पे एकापुढे एक. त्यातून हा वायू धातूंना खाणारा! त्याच्यापुढे टिकेल असा पडदा मिळवता मिळवता ओक रिजच्या कामाला घाम फुटला. तो पडदा कसा तयार केला, हे अहवाल सांगत नाही. हॅनफर्डला किरणोत्सारी युरेनियममधून जाड काँक्रीटच्या भिंतीआडून प्लुटोनियम वेगळे काढणाऱ्या रसायनज्ञांची कृतीही अशीच झाकलेली राहते. सुमारे दोन अब्ज डॉलरांपैकी बहुतांश पैसा मात्र या दोन ठिकाणीच गेला. बॉम्बची रचना करणाऱ्या लॉस अलामॉसवर त्याचा लहानसा अंश खर्च झाला.

लोकांच्या मनात बॉम्ब म्हणजे आइनस्टाइनचे सूत्र, हे समीकरण पक्के बसले ते असे. वर्गातही विखंडनाची आकृती काढली की धडा संपतो. इंधन कोठून येते, हे कोणी विचारीत नाही. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून चालल्या त्या अमेरिकेतून आलेल्या समृद्ध युरेनियमवर. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तो पुरवठा अडू लागला आणि १९८२ मध्ये इंधनासाठी फ्रान्सशी करार करावा लागला. विखंडनाचे शास्त्र आपल्याला ठाऊक नव्हते, असे थोडेच होते!

अहवाल शिक्षकांनी वाचावाच. मात्र नववे ते अकरावे प्रकरण वाचताना शाळेतल्या रसायनाच्या शिक्षकांना शेजारी बसवून घ्यावे.