नोंदवह्यांची संख्या आणि सहकाराचें यश

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरांत औष्णिक केंद्रानें किती वीज निर्माण केली, हें मीटर पाहून सांगतां येतें. शेजारच्या गडचिरोलीच्या अरण्यांत गांवकरी व अभ्यासक यांनीं मिळून जें ज्ञान संपादन केलें, त्याच्या यशास मात्र असा मीटर नाहीं. सध्यां त्याच्या जागीं संख्येचें माप योजिलें जातें. तें माप आम्हांस अपुरें वाटतें.

2002 चा जैवविविधता कायदा व त्याखालील नियम यांअन्वयें प्रत्येक स्थानिक समितीनें लोकांशीं विचारविनिमय करून लोक-जैवविविधता नोंदवही सिद्ध करावयाची आहे. काम रेंगाळलें, म्हणून 2019 सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून दिली, आणि चुकणाऱ्या राज्यास दरमहा 10 लक्ष रुपये भरावे लागतील असें बजाविलें. पुढें देशांतील नोंदवह्यांची संख्या अडीच लक्षांवर गेली. परंतु नोंद कोणी सांगितली, ती कोणी तपासली आणि पुढें तिचा उपयोग कोणास झाला, यांचा उलगडा त्या आंकड्यावरून होत नाहीं. संग्रहांतील रुमाल मोजून इतिहास कळत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

येथें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचें उदाहरण घेण्याजोगें आहे. 1919 सालीं आरंभिलेलें हें कार्य 1966 सालीं पूर्ण झालें. त्यासाठीं 1,259 पोथ्या पाहण्यांत आल्या. तथापि त्याची थोरवी पोथ्यांच्या संख्येंत नाहीं. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर व त्यांचे सहकारी यांनीं स्वीकृत पाठाखालीं त्याज्य पाठही छापले. त्यामुळें संपादकाचा निर्णय ज्यास मान्य नसेल, त्यास तो तपासण्याचें साधन त्याच पृष्ठावर मिळतें. खुल्या शास्त्राचा अर्थ आम्ही हाच समजतों.

गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्याच्या मेंढा (लेखा) गांवीं याच तत्त्वाचें दुसरें रूप दिसतें. तेथें देवाजी तोफा यांच्यासारखे गांवकरी आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल अभ्यासगटांत एकत्र बसले. अभ्यासगटानें विषयाचा ऊहापोह करावा आणि निर्णय मात्र ग्रामसभेनें सर्वसहमतीनें घ्यावा, अशी तेथील रीत. म्हणजे प्रश्न गांवाचा, आणि उत्तर स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा अधिकारही गांवाचाच. 2009 सालीं या गांवास सुमारें 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला; 2011 सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. हें सर्व श्रेय अभ्यासगटास देणें अतिशयोक्तीचें होईल. त्यामागें 2006 चा वनहक्क कायदा व लोकांचा दीर्घ लढा होता. परंतु हक्क मिळाल्यावर जंगल कसें राखावें, हें गांवानें स्वतः ठरवावयाचें, तर त्यास अभ्यासाची संवय अगोदरच जडलेली असावी लागते.

संख्या अगदींच निरुपयोगी आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. काम सुरू झालें कीं नाहीं, एवढें ती सांगते. तें फळास आलें कीं नाहीं, हें पाहण्यास दुसऱ्या कसोट्या लागतात. नोंद सांगणाराचें नांव त्याच्या संमतीनें राहिलें काय? पहिल्या नोंदीवर दुसऱ्या जाणत्यानें दुरुस्ती केली काय, आणि मूळची नोंद तशीच ठेवली काय? नोंदवही गांवाच्या भाषेंत गांवांत परत आली काय, व तिच्या आधारें एखादा निर्णय झाला काय? आणि शेवटीं, एखाद्या वैदूनें आपली वनस्पति उघड करण्यास नकार दिला, तर तो मानला गेला काय? खुलेपणाच्या नांवाखालीं जाणत्याचें ज्ञान त्याच्या इच्छेविरुद्ध बाहेर जात असेल, तर त्यास सहकार म्हणतां येणार नाहीं.

अरण्यांतील वृद्ध जाणता गेला, तर त्याच्या ज्ञानाची दुसरी प्रत कोणत्याही दफ्तरांत सांपडत नाहीं. मुदत सांभाळण्याकरितां भरलेलें कोरडें पान ती उणीव भरून काढणार नाहीं. म्हणून नोंदवही पुरी झाली असें म्हणण्यापूर्वीं ती सांगणारासमोर पुन्हां वाचली जावी, आणि त्याचा आक्षेप समासांत उतरवून घ्यावा, अशी आमची सूचना आहे. जाणत्यांनीं तिचा विचार करावा.