दत्तांचें अंगाईगीत

आमच्या परतवाड्यास बारशाच्या दिवशीं बायका जो पाळणा म्हणतात त्यांत दिवस मोजलेले असतात. पहिला, दुसरा असें करीत बाराव्यापर्यंत येतात, तोंवर पाळण्यांतलें मूल राम नाहीं तर कृष्ण होऊन जातें. हें गाणें जमलेल्या सुवासिनींसाठीं असतें. बाळंतिणीच्या मनांत काय चाललें आहे याची तें विचारपूस करीत नाहीं.

कवि दत्त, म्हणजे दत्तात्रय कोंडो घाटे (१८७५-१८९९), यांचें प्रसिद्ध अंगाईगीत येथेंच वेगळें पडतें. त्यांतील आई दरिद्री आहे. गणगोतानें जशी पाठ फिरविली तशी दाणा न मिळालेले उंदीरही फिरवितील, असें ती तान्ह्याला सांगते. भोकें पडलेल्या कुडाच्या भिंती घरची गरिबी चव्हाट्यावर मांडतात, हें तुराट्यांचे कूड पाहिलेल्या वऱ्हाडी वाचकाला समजावून सांगावयास नकोच.

असलें ऐकून कोणतें मूल झोपेल, हा आक्षेप आम्हीं वर्गांत अनेकदां ऐकला आहे. पण मुलाला शब्द कळत नाहींत, सूर कळतो. म्हणूनच आई त्याच्यापाशीं खरें बोलूं शकते. शेजारणीपाशीं ती हें बोलली नसती. आमचा आक्षेप निराळा आहे. शेवटीं ती सारा भार नारायणावर टाकते, तेथें आईचा आवाज मागें पडून कवीचें चातुर्य पुढें येतें. तरीही आमच्या मतें पाळण्यापाशीं म्हणावयाचें गाणें हेंच.

दत्त वारले तेव्हां त्यांचा मुलगा विठ्ठल चार वर्षांचा होता. पुढें वि. द. घाटे म्हणून नांवाजलेल्या त्याच मुलानें १९२२ सालीं ‘दत्तांची कविता’ प्रसिद्ध केली.