मुंडा आणि त्याची पाटी

धारणी हे नाव आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी वर्तमानपत्रातच वाचले असेल, आणि तेही बालमृत्यूंच्या आकड्यांसोबत. १९९३ साली मेळघाटातील कुपोषणाची बातमी देशभर गेली. तेव्हापासून परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल ओलांडून धारणीला जाणाऱ्या रस्त्यावर समित्या, पत्रकार आणि परोपकारी मंडळी यांची ये-जा चालूच राहिली. तेथील कोरकू माणसाजवळ पाहण्याजोगे, जपण्याजोगे काही असेल, हा विचार मनात येण्याआधीच आपली दया पुढे धावते. दयेला दोष देण्याचा हेतू नाही. परंतु दयेने पाहणाऱ्या डोळ्याला कोरीव काम बहुधा दिसत नाही. त्या कोरीव कामाविषयी, आणि ते लोकांपुढे मांडणाऱ्या संग्रहालयांविषयी व कार्यशाळांविषयी येथे लिहावयाचे आहे.

कोरकू समाजात मृत्यूनंतर काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी, ‘सिडोली’ नावाचा दुसरा अंत्यविधी करतात. ऐपत जमेपर्यंत घर थांबते, आणि तोवर मृताचा आत्माही जणू उंबरठ्याबाहेर थांबलेला असतो. या विधीत लाकडाचा एक कोरीव स्तंभ कुळाच्या ठरलेल्या जागी रोवला जातो. त्याला ‘मुंडा’ म्हणतात. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील आपल्या १९१६ सालच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. डाग वा ढोली नसलेले झाड निवडून त्याचा खुंट तासतात. वरच्या अंगाला सूर्य, चंद्र, कोळी हा कीटक व मानवी कान कोरतात, आणि खाली हाती शस्त्र घेतलेला घोडेस्वार. कोळी कशासाठी आणि कान कोणाचा, या प्रश्नांपाशी वाचक अडखळतो, आणि अडखळावेच. मला स्वतःला तो कान फार विलक्षण वाटतो. मृताने आपल्याकडे पाहावे, असे कोणत्याही समाजातील माणसाला वाटेल. त्याने आपले ऐकावे, असे येथे कोणाला तरी वाटले असावे. हा अर्थ माझा. कोरकूंचा असेलच, असा दावा नाही.

कारागिरीच्या दृष्टीने मुंडा ही फार संयमाची वस्तू आहे. उठाव थोडा, खोदकाम उथळ, चौकट सरळ. सूर्यचंद्र स्थिर, आणि त्यांच्याखाली एका बाजूने दिसणारा घोडा चालता. ज्याच्या स्मरणार्थ हा स्तंभ रोवला, तो माणूस बहुधा आयुष्यभर डोंगरउतारावर पायीच हिंडला असेल. घोडा त्याला मरणोत्तर मिळतो. जुन्या मुंड्यांवर अक्षरे नसतात. हा कोणाचा, तो कोणाचा, हे घरच्यांना आणि गावाला ठाऊक असते, आणि तेवढे पुरते.

ते पुरेसे होते, ते मुंडा जागेवर असेपर्यंत. संग्रहालयात तो आला की पाटी लागते, आणि आपल्या देशात अशा वस्तूंवरील पाट्या बहुधा एकाच वळणाच्या असतात: जमातीचे नाव, वस्तूचे नाव, ‘लाकूड’, आणि फार तर जिल्हा. मृताचे नाव नाही आणि कोरणाऱ्याचेही नाही. दोन नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जाऊन आजी-आजोबांच्या क्रूसावर मेणबत्ती लावतो. तोच क्रूस कोणी उपटून दूरच्या शहरी दालनात उभा केला आणि खाली ‘कॅथलिक, स्मृतिचिन्ह, दगड’ एवढेच लिहिले, तर? आपण संतापू. तो लुटला म्हणून संतापू, हे खरेच. त्याहून अधिक, आपल्या माणसाचा नमुना झाला म्हणून.

गोव्यात आपल्या समाजाने हाच प्रश्न आपल्या वस्तूंच्या बाबतीत हाताळला आहे. १९९४ साली राशोल येथील सेमिनरीत सुरू झालेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय २००२ साली जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलविले गेले, आणि दीर्घ नूतनीकरणानंतर २०२२ साली पुन्हा खुले झाले. तेथील पेलिकन पक्ष्याच्या आकाराच्या साक्रामेंतपात्रापुढे उभा राहिलेला भाविक क्षणभर गोंधळतो: गुडघा टेकावा की वाकून कारागिरी न्याहाळावी? हा गोंधळ निरोगी आहे, असे मला वाटते. तेथे पाटी लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला त्या वस्तूचा उपयोग ठाऊक असतो. शेजारच्या चर्चमध्ये तसाच विधी आजही चालू असतो. काचेमुळे वस्तू परकी होत नाही. कोरकूच्या मुंड्याला हे भाग्य कोठे?

त्याच्याकडे लक्षच गेले नाही, असे मात्र नाही. एस.व्ही.डी. संघाचे ऑस्ट्रियन धर्मगुरू स्टीफन फुक्स यांचा कोरकूंवरील ग्रंथ १९८८ साली प्रसिद्ध झाला. शीर्षकात विंध्य पर्वत आहे, जरी कोरकूंचा मुख्य पसारा सातपुड्यात आहे. ही किरकोळ तक्रार. एका मिशनरी धर्मगुरूने कोरकूंच्या जीवनाची नोंद करण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहावा, याचा आपल्या वाचकांना अभिमान वाटावा. खंत एवढीच की तो इंग्रजीत आहे आणि धारणीच्या आश्रमशाळेतील मुलाच्या हाती तो पडण्याचा संभव जवळजवळ नाही.

संग्रहालयांच्या बाबतीत पाहण्याजोगे प्रयोग भोपाळात झाले. श्यामला टेकडीवरील इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात ठिकठिकाणच्या आदिवासींना बोलावून त्यांच्याच हातांनी त्यांची घरे बांधवून घेतली गेली. कल्पना उदार आहे, घरे अस्सल आहेत. पण ती रिकामी आहेत. चूल आहे, धूर नाही. पुढे २०१३ साली त्याच शहरात मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालय उघडले. गोंड, भिल्ल, बैगा यांच्याबरोबर कोरकूही तेथील सात समाजांत आहेत, आणि मांडणी उभारण्यात त्या त्या समाजातील कलावंतांचा हात आहे. तेथील भव्यता थक्क करते. माझे मत विचाराल, तर ती जरा जास्तच थक्क करते. माणसाच्या उंचीहूनही लहान असणाऱ्या मुंड्याचा स्वभाव अशा भव्यतेत मावत नाही. मात्र तेथील ‘लिखंदरा’ दालनात दर महिन्याला एकेका आदिवासी चित्रकाराचे, त्याच्या नावानिशी, प्रदर्शन भरते. जमातीच्या पाटीवरून व्यक्तीच्या नावापर्यंतचा हा प्रवास मला साऱ्या भव्यतेपेक्षा मोठा वाटतो.

नाव मिळाले की सारे मिळाले, असेही नाही. १९८२ साली भोपाळचे भारत भवन सुरू झाले. त्याच्या कलादालनासाठी जे. स्वामिनाथन यांनी तरुणांना खेडोपाडी पाठविले, आणि पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या गोंड मुलाची प्रतिभा जगापुढे आली. १९८९ साली त्याची चित्रे पॅरिसला गेली. २००१ साली जपानमधील तोकामाची या बर्फाळ भागातील गावच्या मिथिला संग्रहालयात तो चित्रे काढण्यासाठी राहिला होता. तेथेच त्याने आपले जीवन संपविले. ते संग्रहालय तसे लहानसे, एका जुन्या शाळेच्या इमारतीतले. आपल्याकडील वारली चित्रकारही तेथे राहून चित्रे रंगवून आले. कोणा एकावर ठपका ठेवण्याचा मला अधिकार नाही. परंतु कलावंताला त्याच्या मुलुखापासून तोडून ‘कार्यशाळेत’ बसविण्याची किंमत काय असू शकते, हे त्या मृत्यूनंतर कोणत्याही आयोजकाने विसरता कामा नये.

वारलीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. लग्नघरातील भिंतीवर सुवासिनींनी काढावयाचे चौक १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी कागदावर आणविले. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी त्यांतून स्वतःची चित्रभाषा घडविली आणि २०११ साली पद्मश्री मिळविली. हे यश निर्विवाद आहे. त्याची दुसरी बाजू अशी की आज महाराष्ट्रभर ‘आदिवासी कला’ म्हटले की कार्यालयाच्या भिंतीवर पांढऱ्या रंगातील तीच त्रिकोणी माणसे नाचू लागतात. समुद्रकाठच्या एका समाजाचे विवाहचित्र सातपुड्यातील शाळेच्या भिंतीवर ‘तुमची कला’ म्हणून काढून देणे, हा कोरकू मुलाचा सन्मान नसून त्याच्याविषयीचे अज्ञान आहे. आपल्या शाळांच्या चित्रकला-शिबिरांतही हे घडते, हे मोकळेपणाने कबूल करावयास हवे.

धारणी तालुक्यात मात्र एक वेगळी कार्यशाळा उभी राहिली. सुनील व निरुपमा देशपांडे या दांपत्याने १९९०च्या दशकात लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्र सुरू केले. ते संग्रहालय नाही. तेथे बांबूच्या वस्तू करावयास शिकवितात, आणि त्या विकल्या जातात. सुनीलभाऊ २०२१ साली करोनाने गेले. समीक्षकाच्या नजरेने पाहता तेथील राख्या, दिवे, शोभेच्या वस्तू यांत कोरकूपण थोडे आणि बाजाराची आवड अधिक आहे, असे कोणी म्हणेल. मीही तसे काहीसे म्हणेन. पण शिकणारा संध्याकाळी आपल्या घरी जातो, त्याच्या हाती मजुरी असते, आणि त्याला आपल्या कलेसाठी जपानला किंवा भोपाळला जावे लागत नाही. या तीन गोष्टी ज्या कार्यशाळेत आहेत, तिच्या सौंदर्यदृष्टीवर टीका करताना शब्द जपून वापरावेत.

तेथील खरी अडचण कलेची नव्हतीच. ती मालाची होती. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत. परंतु भारतीय वन कायद्याच्या लेखी २०१७ पर्यंत तो वृक्ष होता. वनहक्क कायद्याने २००६ साली त्याला गौण वनोपज मानले, तरी गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला आपल्या जंगलातील बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकार मिळण्यास २०११ साल उजाडले. हाताशी जंगल, बोटांत कसब, आणि मधे कायद्याचे कुंपण! बांबूचे कुंपण तरी काहीसे सैल झाले. सागाचे नाही. राखीव जंगलातील सागाचे झाड परवानगीवाचून तोडणे हा गुन्हा आहे, आणि मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. मुंड्यासाठी निर्दोष, ढोली नसलेले झाड हवे. म्हणजे जी वस्तू शहरातील दालनात राष्ट्राचा वारसा म्हणून उभी असते, तीच तिच्या जन्मगावी नव्याने घडवावयाची तर कोरणाऱ्याला चोरासारखे रानात शिरावे लागावे. मेळघाटच्या कलेवर प्रदर्शन भरविणाऱ्यांनी पाटीवर हेही लिहावे.

आणि जागेचे काय? या शतकाच्या आरंभी कोहा, कुंड, बोरी ही गावे व्याघ्र प्रकल्पातून उठवून अकोट तालुक्यात वसविण्यात आली. घरे हलविता येतात, गुरे नेता येतात. कुळाची ठरलेली जागा कशी न्यावयाची, आणि पुढचा मुंडा कोठे रोवावयाचा, हे पुनर्वसनाच्या हिशेबात बसणारे नाही.

धारणीत एखादे लहानसे संग्रहालय व्हावे, असे मला मनापासून वाटते. एक खोली, एक ओसरी पुरे. तेथे पहिले प्रदर्शन जुन्या मुंड्यांचे भरवू नये. ते जेथे आहेत तेथेच असू द्यावेत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि शेजारी घरच्यांनी सांगितलेले मृताचे नाव कोरकूत व मराठीत लिहावे. नाव सांगावयाचे नसेल, तर ती जागा कोरी सोडावी. ओसरीवर एक जाणता कोरणारा आणि दोन-चार मुले बसावीत. परतवाड्याच्या आगारात सागाचे लिलाव होतात. तेथला एक ओंडका, पावतीनिशी, या मुलांसाठी धारणीला यावा.