मापाची वाटी

राधानगरीसारख्या पावसाळी गावात राहणाऱ्या आम्हा गृहिणींच्या हाती अलीकडे केक-बिस्किटांची पुष्कळ नवी पुस्तके येतात. कागद गुळगुळीत, छायाचित्रे देखणी. परंतु ‘एक कप मैदा’ म्हणजे केवढा कप, याचा खुलासा बहुतेकांत सापडत नाही. घरातली लहान वाटी घेतली तरी मैदा-साखरेचे परस्पर प्रमाण राहते. अंडी व बेकिंग पावडर मात्र पुस्तकात लिहिली तेवढीच पडतात, आणि नाताळचा केक आधी फुगून मग मध्यभागी खचतो. शेजाऱ्यांच्या ताटांत काय पाठवायचे? लोणी-अंडी वाया जातात ती जातातच. वर दोष लेखिकेला न देता घरच्या सुगरणीच्या हाताला दिला जातो, हे आम्हांस अधिक खटकते.

कमलाबाई ओगले यांची १९७० सालची ‘रुचिरा’ याबाबतीत आजही सरस वाटते. वाटी-चमच्याचे घरगुती माप हाच तिचा आधार. म्हणून नवखीलाही ती धीर देते.

नाचणीच्या केकचे नवे कौतुक आम्हांस जरा गमतीचे वाटते. नाचणी आमच्या डोंगरात जुनीच! तिच्यात गव्हातील ग्लुटेन नसते. मैद्याऐवजी तितकीच नाचणी घाला, एवढेच सांगणाऱ्या पुस्तकाचा केक सुरीखाली भुगा होतो. थोडे गव्हाचे पीठ ठेवा, असे बजावणारी लेखिका स्वतः भट्टीपुढे उभी राहिलेली असते.

आम्ही आता दुकानातच पुस्तक उघडून आधी कपाचे माप शोधतो.